हैफात राहिलेला संपादक

१९९० साली पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने एमिल हबीबी यांना, म्हणजे इस्रायलमध्येच राहिलेल्या पॅलेस्टिनी कादंबरीकाराला, संपादकाला आणि माजी खासदाराला, अल्-कुद्स पदक दिले. दोनच वर्षांनी इस्रायल सरकारने अरबी साहित्यासाठी त्यांना इस्रायल पारितोषिक जाहीर केले. हबीबींनी दोन्ही स्वीकारली. तेव्हा पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, पुरता शमलेला नव्हता, वेस्ट बँक आणि गाझात धरपकड चालू होती. त्यात हे पारितोषिक दिले जाते ते इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी, म्हणजे पॅलेस्टिनी माणसाच्या लेखी त्याच्या उद्ध्वस्त होण्याच्या दिवशी. अरब लेखकांनी हबीबींवर शरणागतीचा ठपका ठेवला. इस्रायलमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि कडव्या उजव्या तेहिया पक्षाचे नेते युवाल नेमान यांनी हबीबींच्या निवडीच्या निषेधार्थ १९६९ साली मिळालेले आपले पारितोषिक सरकारला परत केले.

या वादात हबीबींची बाजू घेणारे म्हणत होते की माणूस थोर कादंबरीकार आहे, त्याच्या राजकारणाकडे काणाडोळा करा. विरोधक म्हणत होते की राजकारणाने कादंबरीकार खाऊन टाकला. दोघांच्याही मनात राजकारण आणि लेखन यांचे दोन वेगळे कप्पे होते. मला ही वाटणीच मान्य नाही. वर्तमानपत्राची कचेरी आणि संसदेतला बाक यांच्याशिवाय हबीबींची मोठी कादंबरी लिहिलीच गेली नसती. आणि ते पारितोषिक घेण्यात त्यांचे काय चुकले, हेही त्याच कादंबरीच्या आधारे सगळ्यात स्पष्ट सांगता येते.

हबीबींचा जन्म १९२२चा, हैफातला. हैफा तेव्हा ब्रिटिश अमलाखालचे गजबजलेले बंदर होते. इराकमधल्या किर्कुकहून निघालेली तेलवाहिनी तिथे येऊन संपायची. रिफायनरी, रेल्वेचे कारखाने, गोदी यांत अरब आणि ज्यू कामगार शेजारी शेजारी राबायचे. तरुण हबीबी काही काळ रिफायनरीत होते, मग जेरुसलेमच्या रेडिओवर अरबी निवेदक झाले. त्याच सुमारास कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४४ मध्ये त्यांनी आणि एमिल तूमा, तौफिक तूबी या सहकाऱ्यांनी मिळून हैफात 'अल्-इत्तिहाद' हे साप्ताहिक उभे केले. ते पुढे दैनिक झाले.

एप्रिल १९४८ मध्ये हैफा हगानाच्या, म्हणजे ज्यूंच्या सशस्त्र दलाच्या, हाती पडले. शहरातल्या साठ-सत्तर हजार अरबांपैकी काही हजारच मागे उरले आणि त्यांतल्या बहुतेकांना वादी निस्नास या एका वस्तीत गोळा करण्यात आले. सबंध देशातून सात लाखांहून अधिक माणसे परागंदा झाली. नव्या सीमेच्या आत सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी राहिले. हबीबी या दीड लाखांतले. आपल्या थडग्यावर 'हैफात राहिला' एवढेच कोरावे, अशी त्यांची इच्छा होती आणि तसे ते कोरले गेले आहे.

राहणे हा शब्द वाचायला फार सोपा आहे, म्हणून ते राहणे कसे होते हे जरा थांबून पाहायला हवे. या माणसांना इस्रायलचे नागरिकत्व मिळाले, मताचा अधिकार मिळाला आणि त्याच वेळी त्यांच्या गावांवर लष्करी अंमल बसला. तो १९६६ पर्यंत उठला नाही. कायदा ब्रिटिशांचा, १९४५च्या आणीबाणी नियमांचा. त्यातल्या कलम १२५ खाली कोणताही भाग 'बंद' ठरवता येई. मग शेजारच्या गावी लग्नाला जायचे, शहरात मजुरीला जायचे, दवाखान्यात जायचे तर लष्करी प्रशासकाच्या कचेरीतून परवाना काढावा लागे. १९५०च्या कायद्याने 'गैरहजर' माणसांची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि युद्धाच्या धामधुमीत दोन कोसांवरच्या गावात आसरा घेतलेला माणूसही गैरहजर ठरू लागला. तो देशात हजर होता, कर भरत होता, मतदान करत होता. फक्त त्याच्या शेतापुरता तो गैरहजर होता.

अशा काळात अरबी वर्तमानपत्र चालवणे म्हणजे काय काम असेल? कोणाचा परवाना नाकारला, कोणाला स्थानबद्ध केले, कुठल्या गावची किती जमीन गेली, हे आठवड्यामागून आठवडे लिहीत राहायचे. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी, सुएझ युद्ध सुरू झाले त्याच संध्याकाळी, कफर कासिम गावात संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणली गेली. शेतावर आणि कामावर गेलेल्या लोकांना ते कळलेच नव्हते. ते घरी परतत असताना सीमा पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या. ४९ जण मेले, त्यांत बायका आणि मुले होती. सेन्सॉरने बातमी दाबली. कम्युनिस्ट खासदार तौफिक तूबी आणि मेइर विल्नर नाकेबंदी चुकवून गावात पोचले, वाचलेल्यांशी बोलले आणि त्यांची कहाणी लोकांपर्यंत नेली. एक अरब, एक ज्यू. हबीबींचे वर्तमानपत्र आणि हबीबींचा पक्ष ते हे असे.

ते स्वतः १९५१ ते १९५९ आणि पुन्हा १९६१ ते १९७२ इस्रायलच्या संसदेत, क्नेसेटमध्ये, निवडून आलेले सदस्य होते. एकूण एकोणीस वर्षे. वर्तमानपत्रात ते 'जुहैना' या टोपणनावाने सदर लिहीत. पक्की खबर जुहैनाकडे, अशी अरबीत जुनी म्हण आहे. १९७२ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली ती लिहिण्यासाठी, आणि १९७४ मध्ये त्यांची मोठी कादंबरी 'अल्-मुतशाइल' पुस्तकरूपाने आली; आशावादी आणि निराशावादी या दोन अरबी शब्दांचा सांधा करून हे नाव घडवलेले आहे. सईद नावाच्या एका भित्र्या, लाळघोट्या, दुर्दैवी खबऱ्याची ही कहाणी. तो आशावादी की निराशावादी हे त्याचे त्यालाच ठरवता येत नाही. पायावर कुऱ्हाड पडली तर मानेवर पडली नाही म्हणून आभार मानणारा हा माणूस. १९४८ मध्ये त्याचा जीव वाचतो तो मध्ये आलेल्या एका गाढवामुळे. पुढचे आयुष्य तो राज्यकर्त्यांच्या चाकरीत काढतो आणि शेवटी परग्रहावरच्या एका पाहुण्याबरोबर निघून जाऊन तिथून आपली पत्रे पाठवतो.

कथा अद्भुत आहे, पण तिची हाडे वर्तमानपत्राची आहेत. अक्का शहरातल्या जझ्झार मशिदीच्या आवारात सईद एक रात्र काढतो तो प्रसंग घ्या. अंधारात आसऱ्याला आलेली माणसे त्याच्याभोवती जमतात. ती त्याला एकच विचारतात: आमच्या गावचे कोणी भेटले का? आणि प्रत्येक जण आपले गाव सांगतो. कुवैकात, मन्शिया, अम्का, बिर्वा. नावांमागून नावे येत जातात. चारशेहून अधिक गावे त्या काळात ओस पडली आणि बहुतेक जमीनदोस्त झाली. अलंकारिक लिहिणाऱ्या कादंबरीकाराला इथे आक्रोशाचे दोन परिच्छेद सुचले असते. हबीबींनी नावे लिहिली. जे नकाशावरून पुसले गेले ते निदान छापून ठेवायचे, ही शिस्त त्यांच्या अंगात तीस वर्षांच्या संपादकीने मुरवली होती. छापलेले नाव पुसायला पुन्हा कोणाला तरी कष्ट पडतात, हे बातमीदाराला ठाऊक असते.

दुसरा प्रसंग १९६७च्या जूनमधला. इस्रायलचा अरबी रेडिओ पराभूत अरबांना सांगतो, घरांवर पांढरी निशाणे लावा. हे आवाहन वेस्ट बँकेतल्या लोकांसाठी आहे. हैफातला सईद ते ऐकतो आणि निष्ठा जरा जास्तच दिसावी म्हणून केरसुणीच्या दांड्याला चादर बांधून आपल्या गच्चीवर उभारतो. त्याच्यावर आरोप येतो की तो हैफाला व्याप्त शहर समजतो, म्हणजे राजद्रोही आहे. रवानगी शत्ता तुरुंगात. वाटेत साहेब त्याला तुरुंगात कसे वागायचे याचे नियम समजावतो. सईद मनात म्हणतो, बाहेर तर मी रोज हेच पाळत होतो. हे ज्याने लिहिले तो स्वतः रेडिओवर बोललेला होता. सूचना वाचणाऱ्या निवेदकाचा आवाज सर्वांना सारखाच ऐकू येतो, ती कोणासाठी आहे हे तो आवाज सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याने चुकीचा अर्थ लावला तर गुन्हा ऐकणाऱ्याचाच ठरतो. हे ज्ञान कल्पनेने येत नाही. नागरिक आहेस पण संशयित आहेस, बोलू शकतोस पण बोललास तर सिद्ध होते, ही कोंडी खासदार हबीबींनी क्नेसेटच्या सभागृहात रोज अनुभवली असणार.

बिर्वाच्या बाईचा प्रसंग तर मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत मोठा वाटतो. तिळाच्या शेतात लपलेल्या एका बाईच्या मुलाच्या डोक्याला लष्करी गव्हर्नर पिस्तूल लावतो आणि तिला पूर्वेकडे हाकलून देतो. माय-लेक चालू लागतात. मावळतीच्या उन्हात ती जसजशी लांब जातात तसतशी उंच होत जातात, इतकी की गव्हर्नर वैतागतो: ही दोघे दिसेनाशी कधी होणार? हे मूल म्हणजे पुढे कवी झालेला तो मुलगा तर नव्हे, असा प्रश्नही कादंबरीत येतो. पॅलेस्टिनींचे थोर कवी महमूद दरवीश याच बिर्वाचे. आणि हेच दरवीश तरुणपणी हैफात 'अल्-इत्तिहाद'मध्ये काम करत होते. कचेरीतला सहकारी आणि कादंबरीतले मूल यांच्यात अंतर एका टेबलाचे होते.

१९७२ हे साल आणखी एका संपादकामुळे लक्षात राहते. ८ जुलैला बैरुतमध्ये मोटारीत पेरलेल्या बॉम्बने घस्सान कनफानी मारले गेले. वय ३६. त्यांच्याबरोबर त्यांची सतरा वर्षांची भाची लमीस होती, तीही गेली. कनफानी 'अल्-हदफ' या साप्ताहिकाचे संपादक आणि पॅलेस्टाइन मुक्तीच्या लोकआघाडीचे प्रवक्ते होते. ते जन्मले अक्का शहरात, बारा वर्षांचे असताना कुटुंबाबरोबर लेबनॉनला आणि तिथून दमास्कसला गेले. निर्वासितांच्या शाळेत शिकवले, कुवेतमध्ये नोकरी केली, मग बैरुतच्या वर्तमानपत्रांत आले. १९६३ सालच्या त्यांच्या छोट्या कादंबरीत तीन पॅलेस्टिनी पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून कुवेतला निघतात. सीमेवरचे कारकून टँकरचालकाशी एका नर्तकीवरून थट्टा करत वेळ काढतात आणि तोवर आतली माणसे उष्म्याने मरतात. तुम्ही टाकीच्या पत्र्यावर ठोठावले का नाही, असा चालकाचा आक्रोश शेवटी वाळवंटात घुमत राहतो.

जून १९६७ने या दोघांपुढे एकच विषय टाकला. सगळा देश इस्रायलच्या ताब्यात गेला आणि वीस वर्षे मधोमध असलेली सीमा पराभवानेच उघडली. कनफानींनी हैफाचे आपले जुने घर बघायला आलेल्या जोडप्याची गोष्ट लिहिली. हबीबींनी त्याच भेटींवर सहा कथा लिहिल्या, पण त्या दार उघडणाऱ्याच्या बाजूने. घराबाहेर पडलेल्याला घर आठवते. राहिलेल्याला ते दरवर्षी थोडे थोडे परके होताना दिसते. दोन्ही साहित्ये बातमीच्या धंद्यातल्या माणसांनी लिहिली, आणि कनफानींना मारणाऱ्यांनी तरी त्यांच्या राजकारणाला त्यांच्या लेखनापासून वेगळे काढले नव्हते.

आपल्याकडच्या समीक्षेत 'पत्रकारी लेखन' हा शब्द कमीपणा दाखवायला वापरतात. अरुण साधूंसारख्या लेखकालाही हे ऐकावे लागले असणार. लेखकाने काळापासून चार हात दूर उभे राहावे, अंतर राखावे, मगच कलाकृती घडते, अशी ही समजूत. हबीबी आणि कनफानी यांच्यासमोर ती टिकत नाही. ज्या समाजाचे दप्तर, नकाशे आणि गावे शत्रूच्या ताब्यात आहेत, त्याच्या लेखकाला अंतर परवडत नाही. शिवाय अंतर म्हणजे तटस्थता असे थोडेच आहे? हबीबींच्या सईदइतका निर्दयपणे पाहिलेला नायक अंतर राखणाऱ्यांच्या पुस्तकांत क्वचित सापडतो. आपल्याच माणसांतला खबऱ्या नायक म्हणून निवडायचा आणि त्याच्यावर माया करायची, याला पक्षाच्या कचेरीत बसूनही केवढे धैर्य लागले असेल.

पण राजकारणाची किंमत हबीबींनी मोजली नाही असे मी म्हणणार नाही. त्यांच्या पक्षाने १९४७ची फाळणीची योजना मान्य केली, कारण मॉस्कोने ती मान्य केली. पुढे लढाईत इस्रायलला चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रे आली, आणि त्याचे शिंतोडे अरब कम्युनिस्टांवर आयुष्यभर उडत राहिले. फाळणी नाकारून हाती काय आले, असा त्यांचा उलट सवाल होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. मला जास्त खटकते ते १९६८. प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले तेव्हा त्यांच्या पक्षाने रणगाड्यांची बाजू घेतली. ज्यांना लष्करी गव्हर्नर म्हणजे काय हे अठरा वर्षे अंगावर कळले होते, त्यांना प्रागमधला गव्हर्नर दिसला नाही. पक्ष लेखकाचा वेळ खातो ही तक्रार किरकोळ आहे. तो कधीकधी लेखकाचे डोळे झाकतो, ही खरी. गोर्बाचेव्ह आले तेव्हा हबीबींनी सोव्हिएत संघातले ते बदल मनापासून उचलून धरले, पक्षातल्या जुन्या मंडळींशी त्यांचे बिनसले, संपादकपद गेले आणि १९९१ मध्ये अर्ध्या शतकाचा पक्षही सुटला. सत्तरी गाठताना हे करणे सोपे नसते.

त्यानंतर वर्षभराने आले ते पारितोषिक. हबीबींचे समर्थन असे होते की दगड आणि गोळ्यांच्या संवादापेक्षा पारितोषिकांचा संवाद बरा, आणि ही इस्रायलमधल्या अरबांच्या राष्ट्रीय संस्कृतीला अप्रत्यक्ष मान्यता आहे. क्नेसेटमध्ये बसणारा माणूस त्या राज्याच्या व्यासपीठावर चढला यात नवीन काय, असेही म्हणता येईल. पण इथे एक फरक आहे आणि तो मला निर्णायक वाटतो. क्नेसेटमध्ये त्यांना मतदारांनी पाठवले होते. त्या खुर्चीवर त्यांचा हक्क होता आणि तिथून ते सरकारला जाब विचारू शकत होते. पारितोषिकाच्या समारंभाला सरकारने त्यांना बोलावले होते. तिथे फक्त आभार मानता येतात. म्हणून ते पारितोषिक घेणे मला चूक वाटते. शरणागती मात्र वाटत नाही. देश न सोडता पाय रोवून लिहिणाऱ्याला शरण गेलेला म्हणणाऱ्या अनेकांना त्या देशात एक दिवसही काढावा लागला नव्हता.

चूक यासाठी की मान्यता वरून मिळते हा विश्वास सईदचा आहे. सईद वीस वर्षे साहेबाची मर्जी राखतो, साहेब खूश होईल तेव्हा आपली प्रेयसी युआद परत येईल म्हणून वाट पाहतो. साहेब प्रत्येक वेळी घेतो आणि काही देत नाही. १९७४चा कादंबरीकार हे स्वच्छ जाणत होता. १९९२चा सत्कारमूर्ती ते विसरला. जुलै २०१८ मध्ये क्नेसेटने राष्ट्र-राज्य कायदा केला, राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा ठरवला आणि राज्याची अधिकृत भाषा असलेल्या अरबीला त्या स्थानावरून उतरवून 'विशेष दर्जा' देऊ केला. ज्या भाषेतल्या साहित्याला पारितोषिक दिले तीच भाषा. राज्याने कादंबरीकाराला उचलून घेतले आणि त्याच्या वाचकांना होते तिथेच ठेवले, त्याहून खाली ढकलले. हबीबींची कादंबरी हबीबींपेक्षा शहाणी होती.

माझ्या मुख्य म्हणण्याविरुद्ध सगळ्यात वजनदार साक्षीदार मात्र खुद्द हबीबीच आहेत. एका हातात दोन कलिंगडे धरता येत नाहीत, अशी अरबी म्हण आहे. राजकारण आणि साहित्य ही दोन कलिंगडे मी एकाच हातात धरू पाहिली, असे ते अखेरच्या वर्षांत खेदाने म्हणत. ऐकणाऱ्याला ते पटकन पटते, कारण थकलेला मोठा माणूस स्वतःबद्दल बोलतो आहे. तरी मी ते मानायला तयार नाही. त्यांनी केवळ लिहायचे ठरवले असते तर कदाचित अधिक कादंबऱ्या झाल्या असत्या. पण त्यांत सईद असता का? परवान्यांच्या रांगा, सेन्सॉरची कात्री, सभागृहातला गोंधळ, गावोगावच्या तक्रारींनी भरलेली टपाल, हे सगळे ज्याच्या हातून गेले नाही त्याला तो खबऱ्या सापडला नसता.

आणि त्यांनी स्वतः काय केले तेही पाहावे. पक्ष सुटला होता, संसद सुटली होती, 'अल्-इत्तिहाद' सुटले होते. फक्त लिहायचे असेल तर आता कोणी आडवे नव्हते. १९९५ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हैफातून 'मशारिफ' नावाचे नवे मासिक काढले. २ मे १९९६ रोजी ते गेले तेव्हा ते त्या मासिकाचे संपादक होते.